तलावाकाठचा बंद कारखाना : पाडकामाआधी मातीची रासायनिक तपासणी हवीच

(ऑनलाइन चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पवईची

आमच्या इमारतीमागे, पवई तलावाकडे उतरणाऱ्या जमिनीवर एक बंद कारखाना आहे. सुट्या भागांना निकेल-क्रोमचं प्लेटिंग, म्हणजे मुलामा, करायचे, मागच्या शेडमध्ये रंगकाम चालायचं. आता तिथे तीन टॉवर होणार आहेत. दोन विक्रीचे आणि एक कारखान्याच्या चाळीतल्या कुटुंबांसाठी.

गेल्या रविवारी सभा झाली. मातीचं काय, असं मी विचारलं, तर विकासकाच्या माणसाने "सॉइल टेस्ट झाली आहे" म्हणून एक अहवाल पुढे केला. तो मी घरी आणून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. खडक किती मीटरवर लागतो, मुरूम किती भार पेलतो, पाणी किती खोलीवर आहे, सगळं दिलं आहे. क्रोमियम, निकेल, शिसं, रंगाची द्रावकं यांतल्या एकाचंही नाव त्यात नाही. तो पायाचा अहवाल आहे. इमारत उभी राहील की नाही हे तो सांगतो. त्या मातीत मुलांनी खेळावं की नाही, हे तो सांगत नाही.

माझं मत स्पष्ट आहे. शेडला हात लावण्याआधी माती, भूजल आणि काठाजवळचा तलावातला गाळ, तिन्हींची रासायनिक तपासणी व्हायला हवी. एकदा पाडलं की टाक्या कुठे होत्या, गटार कुठून जायचं, हे दाखवणाऱ्या खुणाच उरणार नाहीत.

चाळ नंबर ३

ताई, आम्ही साडेचार वर्षं भाड्याच्या खोलीत आहोत. विकासकाचा भाड्याचा चेक दोनदा तीन-तीन महिने उशिरा आला. माझे वडील नव्या घराची वाट बघत गेले, आता आई ७८ वर्षांची आहे. कारखाना चालू असताना त्याच भिंतीला लागून आम्ही राहिलो, तिथलंच बोअरचं पाणी धुण्याभांड्याला वापरलं. तेव्हा एकाही माणसाने बाटलीभर पाणी तपासायला नेलं नाही. आता आमची घरं होणार म्हटल्यावर तपासणी आठवली. प्रत्येक नव्या अहवालाबरोबर काम सहा महिने पुढे जातं, हे आम्ही पाहिलेलं आहे. माझा विरोध आहे.

मुरूम आणि पाणी

मी भूजलाच्या कामात आहे. चाळ नंबर ३ यांचा राग रास्त आहे. पण ज्या बोअरचं पाणी तुम्ही वापरलंत, त्याच्याचसाठी ही तपासणी हवी.

आपल्याकडे खाली बेसाल्ट आहे. वर भरणी, मग मुरूम, मग भेगाळलेला कातळ. वाळूत पाणी बऱ्यापैकी एकसारखं पसरतं, कातळात ते भेगांतून जातं. त्यामुळे एका बोअरला स्वच्छ पाणी आणि वीस फुटांवरच्या बोअरला दूषित, असं घडू शकतं. प्लॉटच्या चार कोपऱ्यांत चार नमुने घेऊन "सगळं ठीक" म्हणणं म्हणूनच धोक्याचं. आधी जुने नकाशे, परवानग्यांची कागदपत्रं आणि कामगारांची आठवण. त्यावरून संशयाच्या जागा ठरवायच्या आणि तिथेच खोदायचं. अनेक ठिकाणची माती एकत्र कालवून एकच नमुना पाठवायचा नाही, कारण त्यात वाईट जागा चांगल्या मातीत बुडून जाते.

भाग धुवायला ट्रायक्लोरोएथिलीन, म्हणजे तेलकटपणा काढणारं द्रावक, वापरलं असेल तर आणखी काळजी हवी. ते पाण्यापेक्षा जड असतं. तेलासारखं वर तरंगत नाही, भेगांतून खाली उतरून बसतं आणि वर्षानुवर्षं थोडं थोडं पाण्यात सुटत राहतं. त्याची वाफ मातीतून वर येऊन तळमजल्यात शिरते. हे द्रव्य कर्करोगकारक आहे. मातीच्या साध्या नमुन्यातून ते हाताळतानाच उडून जातं, म्हणून नमुना घेण्याची पद्धतच वेगळी असते.

भूजल साधारणपणे तलावाकडे जातं, पण पावसाळ्यात तलाव भरला की काठाजवळ उलटही वाहू शकतं. त्यामुळे पाणी एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळ्यानंतर पाहायला हवं.

बांधकामवाला

मी वीस वर्षं प्रकल्प उभे करतो आहे, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

२०,००० चौरस मीटरहून मोठ्या बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागतेच, २००६ च्या अधिसूचनेपासून. त्यात मातीचे, पाण्याचे नमुने असतात. दुसरं, बेसाल्टच्या मातीत क्रोमियम, निकेल, तांबं मुळातच जास्त असतं. एकूण क्रोमियमचा आकडा दाखवून कुणीही घबराट पसरवू शकतो. तिसरं, पवई तलावात वर्षानुवर्षं सांडपाणी जातं आहे, जलपर्णी त्याचीच साक्ष देते. मूर्तींचं विसर्जन होतं, रस्त्यांवरचं पाणी उतरतं. गाळात शिसं सापडलं तर ते कारखान्याचंच, हे कसं सिद्ध करणार? आणि एकदा "दूषित जागा" असा शिक्का बसला की बँक कर्ज देत नाही, विक्री थांबते आणि सगळ्यांत आधी चाळवाल्यांचा टॉवर अडकतो. शिवाय बेसमेंटसाठी माती खोदून काढायचीच आहे. घाण असेल तर तीही जाईल.

पवईची

"तीही जाईल" हे वाचून झोप उडाली. कुठे जाईल? डंपर भरून निघालेली माती खाडीकाठच्या एखाद्या सखल जागी भरणी म्हणून पडते आणि तिच्यावर दुसऱ्या कुणाची तरी झोपडी उभी राहते. बेसमेंट खोदताना पंप लावून जे पाणी उपसतात, ते पावसाळी गटारात सोडतात. इथलं गटार तलावात जातं, आणि तलाव ओसंडला की पाणी मिठी नदीत. मंजुरीच्या अर्जातले नमुने मी पाहिले आहेत. ते मोकळ्या कोपऱ्यातले होते, प्लेटिंगच्या शेडमधला एकही नव्हता.

१८९१ साली हा तलाव बांधला तो पिण्याच्या पाण्यासाठी. ते पाणी आपण कधीच गमावलं. आधीच घाण आहे म्हणून आणखी चालेल, हे मला मान्य नाही.

मुरूम आणि पाणी

बांधकामवाला यांचा क्रोमियमचा मुद्दा बरोबर आहे, आणि त्याला उत्तरही आहे. एकूण क्रोमियम नव्हे, सहा-संयुजी क्रोमियम वेगळं मोजायचं. खडकातलं असतं ते बहुतेक तीन-संयुजी, पाण्यात फारसं न विरघळणारं. प्लेटिंगच्या टाकीतलं सहा-संयुजी, विषारी आणि पाण्याबरोबर धावणारं. शिवाय चढाच्या बाजूला, कारखान्याचा संबंध नाही अशा ठिकाणी तुलनेचे नमुने घ्यायचे. गाळाचंही तसंच. वरचा थर खरवडून आणायचा नाही. नळीने उभा गाभा काढायचा, थराथराने मोजायचं आणि कारखान्याच्या नाल्याच्या तोंडाशी घेतलेला गाभा समोरच्या काठाशी ताडून पाहायचा.

जागेचा उपयोग काय होणार यावरही मर्यादा ठरते. कॅनडाच्या मानकात मातीतल्या शिशाची मर्यादा औद्योगिक जागेसाठी किलोमागे ६०० मिलिग्रॅम आहे, निवासी जागेसाठी १४०. कारखाना म्हणून चालणारी माती अंगण म्हणून चालत नाही.

विलंबाबद्दल : जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे नियम काढले. संशयित जागा कळवली की प्राथमिक तपासणीला ९० दिवस, सविस्तरला आणखी ३ महिने. आणि आधी न तपासल्याने काय होतं ते कोडईकनालला विचारा. तिथला पाऱ्याचे थर्मामीटर बनवणारा कारखाना २००१ साली बंद पडला. माती किलोमागे २० मिलिग्रॅम पाऱ्यापर्यंत स्वच्छ करायची की त्याहून कडक, यावरच पुढे वर्षानुवर्षं वाद चालला.

बांधकामवाला

९० दिवस कागदावर असतात. प्रत्यक्षात फाइल कुठल्या टेबलावर पडून राहते ते मला माहीत आहे. सहा-संयुजीचा मुद्दा मान्य. पण संपूर्ण प्लॉट थांबवायला माझा विरोध कायम आहे. चाळीचा टॉवर जिथे होणार तिथे कारखाना नव्हता, गोदाम होतं. तो भाग आधी तपासा आणि मोकळा करा.

पॉलिश खातं

मी १९७९ ते १९९४ त्या कारखान्यात होतो. नात टाइप करते आहे.

बांधकामवाले साहेब, ते गोदाम नंतरचं. १९८६ पर्यंत तिथे उघडा हौद होता. टाक्या धुतल्या की पिवळं पाणी त्या हौदात सोडायचे. हौदाला तळाला फरशी नव्हती, पाणी आपोआप मुरायचं, म्हणून तो उपसावा लागत नसे. पुढे डबर टाकून बुजवला आणि वर गोदाम बांधलं. वास येणारं धुण्याचं द्रव पिंपात यायचं. उरलेलं मागच्या आंब्याच्या मुळाशी ओतायचो, साहेबांनी तसंच सांगितलं होतं. आंबा दोन वर्षांत वाळला. आम्हाला हातमोजे मिळायचे, पण फाटले की महिनाभर नवे नसत. माझ्या नाकातला पडदा तेव्हाच गेला, डॉक्टरांनी क्रोममुळे म्हणून सांगितलं होतं.

ती जागा अजून मला दाखवता येईल. गेटमधून आत गेलं की उजवीकडची तिसरी खिडकी, तिथून तलावाच्या बाजूला पंधरा पावलं.

चाळ नंबर ३

काका, गोदामाच्या जागी हौद होता हे आमच्या वडिलांनी एकदा सांगितल्याचं आठवतंय. आम्ही लक्ष दिलं नव्हतं. आईला त्याच जागेवर घर मिळणार आहे.

माझा विरोध पूर्ण गेलेला नाही. तपासणी करा, पण भाडं चालू राहील आणि एक तारखेला मिळेल हे विकासकाने स्टॅम्प पेपरवर द्यावं. नमुने घेताना आमची दोन माणसं हजर असतील, आणि अहवाल मराठीत चाळीच्या फलकावर लागेल. हे नसेल तर मी सभेत विरोधातच हात वर करणार.

पवईची

तुमच्या तिन्ही अटी मी माझ्या अर्जात घालते. अर्ज प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि प्रत महापालिकेच्या वॉर्ड कार्यालयात देणार आहे. सह्या करताना भाड्याची अट पहिली असेल.

पॉलिश खातंकाका, पाडकामाचं यंत्र पुढच्या आठवड्यात येतंय. शनिवारी सकाळी येता येईल का? रिक्षा मी पाठवते. चुना घेऊन ठेवला आहे, तुम्ही पावलं मोजा, आम्ही खूण करतो.

पॉलिश खातं

येतो. सकाळी ८ ला. नंतर ऊन लागतं.