लग्नाचा दाखला म्हणजे व्हिसा नव्हे

बहिणीचं अमेरिकन नागरिकाशी लग्न झालंय, तर तिने आत्ताच नोकरी सोडावी का, असं विचारलंय. अजिबात सोडू नये. लग्नानंतर नवरा आय-१३० अर्ज भरतो, त्यात फक्त नातं खरं असल्याचं सिद्ध होतं. तो मंजूर झाला म्हणजे व्हिसा हातात आला असं नाही. मग प्रकरण नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे मुलाखतीआधी कागद तपासणाऱ्या अमेरिकी सरकारी कार्यालयाकडे जातं: डीएस-२६० हा व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, पोलीस क्लिअरन्स आणि नवऱ्याचं आय-८६४, म्हणजे बायकोचा आर्थिक भार उचलण्याची कायदेशीर हमी. ही हमी घटस्फोटानेही आपोआप संपत नाही, हे फार कमी जणांना माहीत असतं. त्यानंतर मेडिकल आणि मुलाखत.

कागद मात्र आत्तापासूनच जुळवा. आपल्याकडे घोळ नावांत होतो: जन्मदाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर माहेरचं आडनाव, लग्नाच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. आणि लग्नाची सरकारी नोंदणी हवीच, मंगल कार्यालयातल्या फोटोंवर भागत नाही.

अमेरिकेत पोचेल त्या दिवशी लग्नाला २ वर्षं झालेली नसतील, तर ग्रीन कार्ड २ वर्षांचं, सशर्त मिळतं. ते संपण्याआधीच्या ९० दिवसांत दोघांनी मिळून आय-७५१, म्हणजे कार्डावरची अट काढण्याचा अर्ज भरायचा. पण नवऱ्याकडून छळ झाला किंवा घटस्फोट झाला, तर ती एकटीही हा अर्ज करू शकते. हे तिला निघण्यापूर्वी नक्की सांगा, आणि सगळ्या कागदांच्या प्रती तिच्या स्वतःच्या ईमेलवर ठेवायला लावा.