डी-मार्टचे ६५ शेअर आहेत आणि मी स्वतः किराणा दुकानदार. ठेवू की विकू?

दुकान_सांगली:
नमस्कार मंडळी. सांगलीत आमचं किराणा दुकान आहे, वडिलांपासूनचं. आणि माझ्याकडे डी-मार्टचे, म्हणजे ॲव्हेन्यू सुपरमार्ट्सचे, ६५ शेअर आहेत. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं हिशेब आहे.

मार्च २०१७ला आयपीओ, म्हणजे कंपनीची पहिली शेअरविक्री, आला तेव्हा २९९ रुपयांनी ५० शेअरचा एक लॉट लागला. शंभर पटीच्या वर अर्ज आले होते त्याला, त्यात माझा नंबर कसा लागला देव जाणे. पैसे बायकोच्या भिशीचे. लिस्टिंगच्या, म्हणजे शेअर बाजारात आला त्या, दिवशी ६२०ला २५ विकले, मुद्दल सुटलं. उरलेले २५ फुकटात पडले म्हणायचे.

इथवर थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. ऑक्टोबर २०२१मध्ये भाव रोज वर. गिऱ्हाईकसुद्धा साखर मोजताना विचारायचं, "काय शेठ, डी-मार्ट घेतला का?" डीप फ्रीजरसाठी बाजूला ठेवलेले पैसे काढले आणि ५,४८०ने ४० घेतले. महिनाभरात ५,९००चं शिखर होऊन भाव उतरायला लागला होता. आज, मे २०२५मध्ये, चार हजार पन्नासच्या आसपास आहे. साडेतीन वर्षं झाली. फ्रीजर अजून आलेला नाही.

गंमत अशी की ॲपमध्ये सरासरी खरेदी ३,४८७ दिसते आणि आकडा हिरवा, छत्तीस हजार फायदा. बायकोला तेवढंच दाखवतो.

धंदा मला कळतो हो. डी-मार्टचं दुकान शक्यतो मालकीच्या जागेत, माझंही तसंच. समोरचा दुकानदार भाड्यापायी गेला, मी टिकलो ते तेवढ्यासाठीच. ते लोक पुरवठादाराला आठ-दहा दिवसांत पैसे मोकळे करतात. मी डिस्ट्रिब्युटरला एकवीस दिवसांनी देतो, तेही दोन फोन आल्यावर. रोखीवाल्याला भाव वेगळाच मिळतो, हे मार्केट यार्डातल्या हमालालाही ठाऊक आहे. तेलाचे डबे आणि साबण कधीकधी मीच तिथून उचलतो, कारण मला डिस्ट्रिब्युटरकडून पडतो त्यापेक्षा स्वस्त मिळतो. तेव्हा दुकान चांगलं की वाईट ते सांगू नका. परवा ३ मेला निकाल आला, जानेवारी ते मार्चमध्ये विक्री गेल्या वर्षीपेक्षा १७ टक्क्यांच्या आसपास वाढली आणि नफा ५६३ कोटींवरून ५५१वर उतरला. विक्री वाढते आणि गल्ला घटतो, हे माझ्या दुकानात झालं तर मी रात्री झोपणार नाही. हे काय चाललंय, तेवढं सांगा.

हिंजवडीकर:
दुकानदार काका, उत्तर तुमच्या सांगलीत मिळणार नाही, आमच्या सोसायटीच्या गेटवर मिळेल. गेल्या रविवारी सकाळी पेपर वाचत बाल्कनीत बसलो होतो, तासाभरात ब्लिंकिट, झेप्टो, इन्स्टामार्ट या दहा मिनिटांत सामान पोचवणाऱ्यांची धरून एकोणीस पोरं मोजली. कोथिंबिरीची जुडी, अंडी, आणि एकाच्या हातात चक्क पाच किलो आटा. हा आटा पूर्वी महिन्याच्या यादीत असायचा.

हे कंपनीनंही लपवलेलं नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये डी-मार्टचे प्रमुख नेव्हिल नोरोन्हांनी सरळ लिहिलं होतं की महानगरांतल्या, जिथे दर चौरस फुटाला विक्री भरपूर आहे अशा मोठ्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम दिसतोय. त्यानंतरच्या सोमवारी बाजार उघडला आणि शेअर आठ-नऊ टक्के आपटला. मग जानेवारी २०२५मध्ये जाहीर झालं की जानेवारी २०२६मध्ये ते स्वतः निघणार आणि त्यांच्या जागी युनिलिव्हरमधून अंशुल असावा येणार. मी जानेवारीतच सगळे विकले. चूक असेन तर कळेलच.

मुलुंडची_मावशी:
हिंजवडीकर, आटा दारात येतो हे खरं, पण मिक्सर, चादरी, पोरांचे शाळेचे मोजे दहा मिनिटांत कोण मागवतं? डी-मार्टची खरी मलई तिथे आहे. डाळ-साखरेवर काय सुटतं ते दुकानदार भाऊ सांगतील. दुखणं असं की कपडे आणि घरगुती वस्तूंचा विक्रीतला वाटा कोरोनाआधी सत्तावीस टक्क्यांच्या आसपास होता, तो आता बावीस-तेवीसवर आलाय. माझ्या मते ब्लिंकिटपेक्षा याची काळजी जास्त करावी.

बाकी आकडे मांडते, मी तीस वर्षं हिशेबतपासनीसांच्या ऑफिसात काढली आहेत, खाज जात नाही. २०२४-२५मध्ये एकत्रित विक्री ५९,३५८ कोटी, नफा २,७०७ कोटी. म्हणजे शंभराच्या विक्रीत हातात साडेचार रुपये. दुकानं ४१५, त्यातली ५० याच वर्षातली, आणि या ५०तली २८ शेवटच्या तीन महिन्यांत उघडली. नवं दुकान म्हणजे माणसं आधी भरायची, पगार आधी सुरू, विक्री मागाहून. शिवाय खालच्या पातळीवरचे पगार वाढलेत आणि रोजच्या वापराच्या वस्तूंत भावाची मारामारी आहे, असं कंपनीच म्हणते. म्हणून विक्री वर आणि गल्ला खाली. एवढ्यासाठी झोप घालवू नका, पण सलग चार तिमाह्या असंच राहिलं तर मात्र घालवा.

जुन्या दुकानांची वाढ बघायची सवय लावा. दोन वर्षं किंवा जास्त जुन्या दुकानांची विक्री २०१८-१९मध्ये १७.८ टक्क्यांनी वाढली होती, यंदा ८.४. नवी दुकानं उघडून आकडा फुगवता येतो, जुन्याला येत नाही.

आता तुमचा प्रश्न. २०२१-२२चा नफा १,४९२ कोटी होता, शेअरमागे २३ रुपये. तुम्ही दिले ५,४८०. भाऊ, २३८ पट! आज शेअरमागे साधारण साडेएक्केचाळीस रुपये कमाई आहे आणि भाव चार हजार पन्नास, म्हणजे ९७ पट. तीन वर्षांत नफा ऐंशी टक्के वाढला आणि तुम्ही तरीही तोट्यात. यात दुकानाचा काय दोष? नफा खरेदीत असतो असं तुमचेच लोक म्हणतात ना? गुळाची ढेप तुम्ही अशी उचलली असती का?

रोज_चार्ट:
२०२१चं शिखर साडेतीन वर्षांत परत दिसलं नाही. चार्ट बोलतोय, ऐकत नाही कुणी. विका.

नायगावची_लेक:
चार्टवाल्या दादांना नमस्कार. मी मुंबईतल्या नायगावची, अपना बाजार या सहकारी दुकानाच्या रांगेत लहानाची मोठी झाले, आई पिशवी आणि यादी घेऊन पुढे आणि मी मागे. डी-मार्ट काढण्याआधी राधाकिशन दमानींनी नेरुळला अपना बाजारचीच फ्रँचाईजी चालवली होती, हे फार कमी लोकांना माहीत असतं. २००२ला पवईत पहिलं डी-मार्ट. नंतर आठ-नऊ वर्षं लोक हसायचे, दुसरे दिसेल तिथे भाड्यानं दुकानं काढत सुटले होते आणि हे जागा विकत घेत बसले होते. त्यातली सुभिक्षा ही दुकानांची साखळी २००९मध्ये संपली.

माझ्याकडे २०१७पासून आहेत, एकही विकलेला नाही. लाभांशाचा एक रुपया आजवर आलेला नाही, हे मात्र बोचतं. निवृत्त माणसाला शेअरनं वर्षाला निदान चहाचे पैसे द्यावेत.

दुकान_सांगली:
मावशी, गुळाच्या ढेपेचं बरोबर मारलंत. असा गूळ मी फुकट वासालाही घेतला नसता.

डाळ-साखरेवर काय सुटतं विचारलंत. साखरेवर किलोला रुपया-दीड रुपया, तोसुद्धा पोतं कोरडं राहिलं तर. डाळीत थोडं जास्त. आमचं पोट बिस्किट, मसाले आणि पूजेच्या सामानावर. डी-मार्ट चादर विकून साखरेत मार खाऊ शकतं, मला चादर विकता येत नाही. माझ्याकडे मात्र वीस तारखेनंतर वही उघडते. डी-मार्टात उधारी नाही. पगार संपला की गिऱ्हाईक माझ्याकडं येतं, आणि पगार झाला की तिकडं जातं. हे वर्षानुवर्षं बघतोय. म्हणूनच शेअर घेतले होते, म्हटलं एक तारखेचा गल्ला तिकडून तरी मिळेल!

ठरवलंय ते असं. १५ विकतो, साठ हजार येतील, त्यात दुकानाला फ्रीजर. बाकी ५० ठेवतो, आणि मावशींनी सांगितलं तसं जुन्या दुकानांचा आकडा दर तिमाहीला वहीत लिहितो. ते १५ महागातलेच विकतो, म्हणजे चूक तेवढी खात्यातून पुसली जाईल.

मुलुंडची_मावशी:
भाऊ, एक अडचण आहे. एकाच डिमॅट खात्यात असतील तर प्राप्तिकराच्या हिशेबात आधी घेतलेले आधी विकले गेले असं धरतात. तुम्ही १५ विकलेत की ते आयपीओतले २९९वाले १५ जाणार, ५,४८०वाले नाहीत. कराची भीती नाही, वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कर नाही आणि तुमचा पन्नास-साठ हजारांच्या घरात. दुसरं काही विकलं नसेल तर शून्य. पण चूक पुसली जाणार नाही. ती खात्यात तशीच राहील, उलट सरासरी आणखी वर जाईल.

दुकान_सांगली:
म्हणजे ॲपमधला हिरवा आकडा जाणार?

मुलुंडची_मावशी:
सरासरी ३,४८७वरून ४,४४४च्या आसपास जाईल. लाल दिसेल.

दुकान_सांगली:
आली का पंचाईत. ते २५ भिशीच्या पैशातले, बायको म्हणते ते माझे, त्यांना हात लावायचा नाही. आता प्राप्तिकरवाले म्हणतात पहिले तेच जाणार. फ्रीजर दारात उतरला की ती आधी विचारणार पैसे कुठून आणले, आणि मग म्हणणार मोबाईल दाखवा.

हिंजवडीकर:
काका, फ्रीजर हप्त्यानं घ्या.