सांगायला शिकणं: मानेखाली हालचाल नसतानाचे तुमचे अनुभव

खिडकीजवळची
आज कपाट आवरताना बहिणीला माझी पहिली माउथ स्टिक सापडली, म्हणजे तोंडात धरून टाइप करायची काडी. साधी लाकडी पेन्सिल, एका टोकाला खोडरबर, दुसऱ्या टोकाला दातांचे व्रण. ती उजेडात धरून म्हणाली, "किती चावली आहेस गं ही." मग आम्ही दोघी बराच वेळ गप्प.

14 वर्षं झाली. गाडी उलटली. सी-4, म्हणजे मानेतल्या चौथ्या पातळीवर मज्जारज्जूला इजा. कम्प्लीट, म्हणजे त्याखाली हालचालही नाही, स्पर्शही नाही. मान वळते, खांदे उडवता येतात, श्वास माझा मी घेते. बाकी सगळं दुसऱ्यांच्या हातांनी. पहिले सात आठवडे मात्र गळ्यात नळी, व्हेंटिलेटर, आवाज नाही. भावाने पुठ्ठ्यावर वर्णमाला लिहून आणली. तो विचारायचा, "क-वर्ग? च-वर्ग? ट-वर्ग?" हवा तो वर्ग आला की मी डोळे मिटायचे. मग त्या वर्गातली पाच अक्षरं, मग काना, वेलांटी, उकार. ऱ्हस्व-दीर्घ आम्ही पहिल्याच दिवशी सोडून दिलं. माझा पहिला शब्द होता 'नाक'. सगळे घाबरले, श्वास अडकला असं वाटून नर्सला बोलावलं. मला नुसती नाकाला खाज सुटली होती. 'खाज' जुळवेपर्यंत आणखी काही मिनिटं गेली. आईने नाकाच्या शेंड्यावरून बोट फिरवलं तेव्हा मला जे वाटलं ते अजून कुणाला सांगता आलेलं नाही.

लोक मला चालण्याबद्दल विचारतात. मला ते नाक आठवतं.

या 14 वर्षांतला माझा सगळ्यात मोठा अभ्यास म्हणजे सांगायला शिकणं. "उशी नीट कर" म्हणजे सांगणं नव्हे. "उजव्या खांद्याखालची उशी दोन बोटं खाली ओढ, आता थांब" हे सांगणं. याला तीन वर्षं लागली, कारण आधी मागायची लाज वाटायची आणि मग मागावं लागतं याचा राग यायचा. प्रार्थनेचंही तसंच झालं. हात जोडता येत नाहीत तर ती पोचते का, हा प्रश्न मला खरंच पडला होता. आई रोज संध्याकाळी माझे दोन्ही हात उचलून आपल्या हातांत धरायची आणि आम्ही एकत्र म्हणायचो. चौथ्या वर्षी एकदा मी म्हटलं, आई, राहू दे, मी नुसती तोंडाने म्हणेन. ती म्हणाली, "मग माझे कोण धरणार?"

तुम्ही नव्याने काय शिकलात, देवाशी तुमचं काय झालं, लिहा. घरच्यांनी, मदतनिसांनीही लिहा. मी स्टिकने टाइप करते, उत्तरं उशिरा येतील.

मनगटी
सी-6, 11 वर्षं. बोटं हलत नाहीत पण मनगट वर उचलता येतं, म्हणून हे नाव घेतलंय. मनगट वर केलं की बोटं आपोआप आत वळतात आणि अंगठा तर्जनीला टेकतो. तेवढ्यात कागद, चमचा, ब्रश धरता येतो. टेनोडेसिस म्हणतात. आई सुरुवातीला रोज सकाळी माझी बोटं सरळ करून ताणत बसायची, मनगट मागे वाकवून, मायेने. फिजिओने पाहिलं आणि थांबवलं. ती वळलेली बोटं म्हणजेच माझी पकड होती. मनगट वर असताना बोटं ताणत राहिलं तर बोटांचे स्नायुबंध सैल पडतात आणि पकड जाते. आईला किती दिवस वाटत होतं की आपण मुलाचं वाईट केलं. काही वाईट झालं नव्हतं, वेळेवर कळलं.

त्याच पकडीने मी आता खडू धरतो. जाड खडू, त्यावर रबराचं वेष्टण. दहावीच्या मुलांना गणित शिकवतो.

गवताची_पात
खिडकीजवळची ताई, वाचून डोळे भरले. कपडे वाळत घालायचेत, नंतर सविस्तर लिहिते.

अर्धीरात्र
माझ्या नवऱ्याला सी-5. मी बायको म्हणून लिहितेय. 12, 2, 4 असे गजर. कूस बदलायची, गुडघ्यांमधे उशी, टाच अधांतरी राहील असं बघायचं. मोबाईलच्या उजेडात पाठीचं शेवटचं हाड बघते. लाल दिसलं की बोटाने दाबायचं. दाबल्यावर पांढरं होऊन परत लाल झालं तर ठीक. दाबूनही लालच राहिलं तर त्या बाजूवर पुढचे दिवस झोपायचं नाही. एकदा दोन दिवस माझं लक्ष नव्हतं, ताप होता मला. त्यात दाबाने व्रण झाला, तो भरायला पाच महिने लागले. पाच महिने तो पालथा किंवा कुशीवर, आणि एकदाही मला बोलला नाही.

देवाचं विचारलंत म्हणून. मी पहाटे चार वाजता दाबलेलं बोट उचलते त्या क्षणी म्हणते, पांढरं होऊ दे. माझी सगळी प्रार्थना एवढीच.

मनगटी
@अर्धीरात्र वहिनी, तुम्हाला नमस्कार. दुपारी झोपता ना थोडं?

अर्धीरात्र
झोपते हो भाऊ. सासूबाई दुपारची कूस बदलतात.

जुनी_वही
वहिनींनी लिहिलं म्हणून आठवलं. दर दोन तासांनी कूस बदलायची ही शिस्त रुजवली डॉ. लुडविग गुटमन यांनी, इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे, 1944 पासून. त्याआधी मणका दुखावलेले बहुतेक लोक व्रण आणि मूत्रमार्गाच्या संसर्गानेच जायचे. 29 जुलै 1948 ला त्यांनी 16 जखमी सैनिकांची तिरंदाजी स्पर्धा घेतली, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी. पॅरालिंपिकचं मूळ तिथे. पण माझ्या लेखी त्यांचं मोठं काम रात्री कूस बदलण्याचंच. स्पर्धा खेळायला आधी माणूस उरला पाहिजे.

टप्पा
खेळाचं निघालंच आहे तर व्हीलचेअर रग्बी बघा कुणी बघितली नसेल तर! 1977 मधे कॅनडात, विनिपेगमधे सुरू झाली, आधी नाव होतं मर्डरबॉल. खास चारही अवयवांवर परिणाम झालेल्यांसाठी, कारण बास्केटबॉलमधे हात पुरत नव्हते. खुर्च्या एकमेकींवर काय आदळतात! मी खेळत नाही, सी-4 आहे, पण ओरडायला घसा शाबूत आहे.

निळी_उशी
सगळ्यांनी एक लक्षात ठेवा प्लीज. अचानक डोकं फुटेल असं दुखायला लागलं, चेहरा लाल, मानेवर घाम, तर ती नेहमीची डोकेदुखी समजू नका. ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. टी-6, म्हणजे छातीमागचा सहावा मणका, आणि त्यावरच्या इजेत होतो. खाली काहीतरी खुपतंय ते मेंदूपर्यंत पोचत नाही आणि रक्तदाब भलताच चढतो. माझा एरवीचा वरचा आकडा 95, त्या दिवशी 190. एका रुग्णालयात नेलं तर तिथे मला आडवं करत होते. आडवं करायचं नाही, ताठ बसवायचं, पट्टे, कपडे सैल करायचे आणि कारण शोधायचं. मी ओरडून सांगत होते, कॅथेटरची नळी बघा. भाच्याने चादर उचलली, नळी मांडीखाली मुडपली होती. सरळ केली, पिशवी भरायला लागली, थोड्या वेळात आकडा उतरला.

सांगायला शिकणं म्हणालीस ना ताई, मी त्याच्या जोरावर जिवंत आहे. तेव्हापासून खुर्चीच्या मागे मोठ्या अक्षरांत कार्ड लावलंय.

खिडकीजवळची
@निळी_उशी कार्डावर नेमकं काय लिहिलंयस? मलाही करायचंय. माझं पिशवीत घडी घालून आहे, काय उपयोग.

निळी_उशी
इजेची पातळी, नेहमीचा रक्तदाब, "मला बसवा", मग तीन कारणं क्रमाने: लघवी, पोट, त्वचा. बस. जास्त लिहिलं तर कुणी वाचत नाही.

जिना
देवाशी माझं सहा वर्षं बोलणं बंद होतं. रागाने नाही, म्हणजे रागानेच, पण जास्त त्याच्या माणसांच्या रागाने. एकीने खाटेशी उभं राहून सांगितलं, कुठलं तरी पाप असेल. दुसरे म्हणाले श्रद्धा कमी पडते म्हणून बोटं हलत नाहीत. मी 20 वर्षांची होते. रात्री पडल्या पडल्या खरंच जोर लावायचे, श्रद्धेचा, बोटाकडे बघत.

पुढे कुणीतरी जोनी एरिक्सन टाडा यांच्याबद्दल सांगितलं. 1967 मधे, 17 वर्षांची असताना अमेरिकेतल्या चेसापीक उपसागरात सूर मारला आणि मान मोडली. तोंडात ब्रश धरून चित्रं काढतात. बरं होण्यासाठीच्या प्रार्थनासभेलाही गेल्या होत्या आणि त्याच खुर्चीत परत आल्या. तरी विश्वास ठेवला. माझा धर्म त्यांचा नाही, त्यांची सगळी मतं मला पटतात असंही नाही. पण "त्याच खुर्चीत परत आल्या" हे ऐकून मी पहिल्यांदा मोकळं रडले. माझ्यात काही कमी होतं म्हणून नव्हे, एवढंच मला कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

आता जाते प्रार्थनास्थळी, पण पायऱ्या असतील तर नाही. चार जण मला खुर्चीसकट उचलायचे आणि लोक त्या चौघांना पुण्य लागलं म्हणायचे. मी खाली अंगणात थांबते. गेल्या वर्षी तिथल्या एका आजीने स्वतःची बसायची जागा खाली आणली माझ्याशेजारी. म्हणाल्या गुडघे दुखतात. त्यांचे गुडघे छान आहेत, मी बघितलंय.

अर्धीरात्र
आजींना माझा नमस्कार सांगा.

टप्पा
❤️ आजी

साधी_माणूस
मी मदतनीस आहे, नऊ वर्षं हेच काम. एक सांगू का. नवीन माणूस आला की लोक माझ्याशी बोलतात, "त्यांना काय हवंय?" असं. मी ज्यांच्याकडे काम करते ते दादा समोरच बसलेले असतात. मी आता उत्तरच देत नाही, दादांकडे बघते. मग ते लोकही तिकडे बघतात. दादांनीच शिकवलं हे. खोकला काढायलाही त्यांनीच शिकवलं. बरगड्यांच्या खाली तळहात ठेवायचा, ते तीन म्हणतात, खोकतात तेव्हाच आत आणि वर दाबायचं. पहिल्या दिवशी माझे हात कापत होते. ते म्हणाले, "मी मोजतो, तू फक्त ऐक."

चौकटराजा
व्हॉइस टायपिंगवाले कोण कोण आहेत? मी बोलून लिहितो, पदवीचं शेवटचं वर्ष. घरात कुणी बोललं की निबंधात जातं. परवा एका परिच्छेदाच्या मधोमध "अरे दार लाव डास येतायत" आलं आणि मी तसंच पाठवलं. सरांनी खाली लिहिलं, "दार लावले का?"

परीक्षेला लेखनिक आहे पण सूत्रं तोंडी सांगताना गोंधळ होतो. मनगटी सर, काही उपाय?

मनगटी
@चौकटराजा तोंडी गणित हा वेगळा विषय समज आणि वेगळा सराव कर. कंस उघडला, कंस बंद, दोन्ही मोठ्याने म्हणायचं. "वर" म्हणजे घात की अंश हे लेखनिकाशी आधीच ठरव. "भागिले रेघ लांब" असं माझा एक विद्यार्थी म्हणतो, संपूर्ण पदाखाली रेघ हवी असेल तर. आणि लेखनिकाबरोबर परीक्षेआधी निदान चार पूर्ण पेपर सोडव, वेळ लावून. मी पहिल्या परीक्षेला न भेटता गेलो. तो बिचारा वर्गमूळाच्या चिन्हात अडकला, मी वहीत डोकावू शकत नव्हतो. 60 चा पेपर येत होता, 38 चा लिहून झाला.

चौकटराजा
भागिले रेघ लांब!! घेतलं. धन्यवाद सर.

गवताची_पात
आले परत. उन्हाचं कुणी लिहिलं नाही. माझ्या दिराला इजेच्या खाली घामच येत नाही. बाकीचे "गरम होतंय" म्हणतात तोवर त्याला ताप चढलेला असतो. पाण्याची फवारणीची बाटली आणि ओला टॉवेल मानेवर, बाहेर पडताना हे आधी. थंडीतही उलटं, अंग तापतच नाही लवकर. अरे पण धागा शिकण्याचा आहे, असो, हेही शिकलोच की.

नवीन_इथे
कुठे विचारू कळत नव्हतं म्हणून इथे लिहिते. मुलगा 19 वर्षांचा, पाच आठवडे झाले, सी-4 म्हणतात. अजून व्हेंटिलेटर. ओठ हलवतो, मला कळत नाही, तो तोंड फिरवतो. नर्सताईंना कळतं कधीकधी, मला आई असून कळत नाही. तो पुठ्ठा कसा केला होता?

खिडकीजवळची
काकू, सांगते. मोठा पुठ्ठा, जाड काळा पेन. पहिल्या ओळीत स्वर. मग क, च, ट, त, प यांच्या पाच ओळी, खाली य र ल व श स ह ळ. शेवटी मात्रा. तुम्ही ओळ वाचायची, घाई न करता, आणि त्याच्या डोळ्यांकडे बघायचं, पुठ्ठ्याकडे नाही. "हो" म्हणजे डोळे मिटून दोन अंक मोजणं, नाहीतर नेहमीची उघडझाप "हो" वाटते. शब्द अर्धा झाला की अंदाज करायचा का हे त्यालाच विचारा. मला आवडायचं नाही, मी पूर्ण करायचे. कोपऱ्यात चार तयार शब्द लिहा: खाज, दुखतंय, उशी, झोपतो. आणि पाचवा "जा". तो फार लागतो. वाईट वाटून घेऊ नका.

तो तोंड फिरवतो ते तुमच्यावर नाही. मीही फिरवायचे.

अर्धीरात्र
काकू, तुम्ही जेवता-झोपता ना वेळेवर? रात्री जागी असतेच मी, केव्हाही लिहा.

साधी_माणूस
त्याला आधी विचारून मगच हात लावा, कळत नसलं तरी. लक्षात राहतं त्यांच्या.

नवीन_इथे
केला पुठ्ठा. धाकटीने लिहिला. आज दुपारी बसलो. प-वर्ग, प. मग मात्रांपाशी अडलो, तो डोळे मिटेना, कपाळाला आठ्या. मी परत सगळ्या मात्रा वाचल्या. मग धाकटी म्हणाली, आई, अनुस्वार लिहायचाच राहिला. तिने टिंब दिलं आणि त्याने लगेच डोळे मिटले. पंखा. पंखा हवा होता त्याला, पाच आठवडे त्या बाजूचा पंखा बंद होता.

चंद्रबिंदू आणि जोडाक्षरं कशी करायची? उद्या विचारेल तो.

खिडकीजवळची
चंद्रबिंदू सोडा. जोडाक्षराला पहिलं अक्षर झालं की दोनदा मिटायला सांगा, म्हणजे अर्धं. आणि 'क्ष', 'ज्ञ' वेगळे लिहून ठेवा काकू, माझ्या भावाने नव्हते लिहिले.