बिनफिल्टरच्या टाकीतले मासे

बी-३०४ : नमस्कार. मुलीच्या हट्टामुळे आम्ही २ फूट लांब, १ फूट रुंद आणि १ फूट उंच अशी माशांची टाकी आणली. भरपूर वनस्पती लावल्या की फिल्टर लागत नाही, असे दुकानात सांगितले होते. दहा दिवसांत ४ पैकी ३ गोल्डफिश मेले. १ गोल्डफिश आणि ६ गप्पी तेवढे उरले आहेत. पाणी अगदी नितळ आहे, त्यामुळे चूक कुठे झाली ते समजत नाही. डी-१०२ मधील सरांनी कृपया मार्गदर्शन करावे.

डी-१०२ : ताई, नितळपणावर जाऊ नका, कारण माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून तयार होणारा अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करणारे जिवाणू खडीवर आणि पानांवर वस्तीला यायला साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. तुम्ही पहिल्याच दिवशी १० मासे सोडलेत, त्यांत ४ गोल्डफिश, म्हणजे घाण करण्यात सर्वांत पुढे असलेली जात. एवढा भार नव्याने लावलेल्या चार रोपांना पेलणे शक्यच नव्हते.

लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८४९ मध्ये नेमका हाच प्रयोग केला होता. १२ गॅलनच्या, म्हणजे जवळजवळ तुमच्या टाकीएवढ्याच पात्रात त्यांनी दोनच लहान गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली होती. तरीही पाने कुजून पाणी बिघडू लागले. मग त्यांनी तळ्यातील गोगलगायी आणून सोडल्या, त्यांनी कुजकी पाने खाल्ली आणि पुढे ते पात्र सुरळीत चालले. तुमच्या टाकीत गोगलगायी दिसल्या तर त्या घाईने काढून टाकू नका, एवढेच सुचवतो.

सी-२०५ : सर, एक शंका. सध्या आपल्याकडे टँकरचे आणि बोअरचे पाणी येते. त्याचाही संबंध असेल का?

डी-१०२ : नक्कीच आहे. बोअरचे पाणी बहुधा जड आणि अल्कधर्मी असते. गप्पींना ते मानवते, परंतु अल्कधर्मी आणि कोमट पाण्यात अमोनियाचा विषारी अंश वाढतो. शिवाय उन्हाळ्यात पाणी ३० अंशांवर गेले की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो, आणि रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात. म्हणून पहाटे दिवा लावून पाहा. मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करत असतील, तर फिल्टर नसला तरी छोटा हवेचा पंप रात्रभर चालू ठेवावा. बाष्पीभवनाने पाणी उडाले तरी क्षार तिथेच राहतात. त्यामुळे केवळ वरून पाणी ओतत न राहता आठवड्याला पाचवा हिस्सा बदलावा. नळाचे पाणी वापरणार असाल तर क्लोरीन घालवणारे थेंब घालूनच ते टाकीत ओतावे.

ए-६०१ : आमची टाकी खिडकीपाशी होती. दोन आठवड्यांत काच हिरवीगार झाली आणि शेवटी कंटाळून आम्ही ती कुणाला तरी देऊन टाकली. प्रकाश जास्त मिळाला तर वनस्पती वाढतात, असा आमचा समज होता.

डी-१०२ : प्रकाश जास्त आणि झाडे कमी असली की त्याचा फायदा शेवाळाला होतो. थेट ऊन टाळून दिवा ७ ते ८ तास पुरे, आणि तोही रोज एकाच वेळी. दिखाऊ लाल पानांच्या, हळू वाढणाऱ्या वनस्पतींपेक्षा हायड्रिला किंवा हॉर्नवर्टसारखी झपाट्याने वाढणारी वनस्पती सुरुवातीला दाट लावावी, कारण ती अमोनिया थेट शोषून घेते. ती छाटून बाहेर काढली की टाकीतले अतिरिक्त पोषणद्रव्यही बाहेर जाते. छाटणी आणि गप्पींची पिल्ले मात्र नाल्यात किंवा तलावात कधीही सोडू नयेत.

बी-३०४ : आभारी आहे, सर. उरलेला गोल्डफिश आज मोठी टाकी असलेल्या बहिणीकडे पोहोचवते. मुलगी दिवसातून चार वेळा खाऊ घालत होती, तेही आजपासून एकदाच.

डी-१०२ : दोन मिनिटांत संपेल एवढेच घालू द्या. आणि हायड्रिला माझ्याकडे उदंड झाली आहे. संध्याकाळी सहानंतर झाकणाची बरणी घेऊन मुलीला पाठवा.