मेंदूत रक्तस्राव झालेल्या आईचं बीपी डॉक्टर मुद्दाम वाढवताहेत, हे बरोबर आहे का?

गोदाकाठ:
आई ५६ वर्षांची. मागच्या रविवारी पूजा करताना "डोक्यात कुणी घण घातला" म्हणाली, उलटी झाली आणि तिथेच बसली. सीटीत मेंदूच्या आवरणाखाली रक्त दिसलं, अँजिओत शिरेचा फुगा. सोमवारी मांडीतून कॉइल (बारीक तारेचं वेटोळं) घालून तो बंद केला. शुक्रवारी आई चांगली बोलत होती, डाळिंब मागत होती. आज सकाळपासून उजवा हात उचलत नाही आणि मला भावाच्या नावाने हाक मारते. डॉक्टर म्हणतात, शिरा आकसल्यात, व्हॅसोस्पाझम. घरी तिचं बीपी १५० झालं तरी आमची धावपळ व्हायची, इथे औषध लावून १८० वर नेलंय! काका म्हणतात दुसरीकडे हलवू. कुणाला माहिती असेल तर प्लीज सांगा.

रात्रपाळी:
ताई, मी न्यूरो आयसीयूत नर्स आहे, डॉक्टर नाही. तरी आधी एवढं सांगते: काकांना आज थांबवा. बीपीचं औषध पंपावर चालू असताना ॲम्ब्युलन्सचा प्रवास म्हणजे नसती जोखीम. जिथे आहात तिथे कॅथलॅब (शिरेतून नळी घालून उपचार करायची खोली) नसेल तरच तो विषय डॉक्टरांशी काढा.

आता बीपीचं. फुगा उघडा असतो तोवर आम्ही बीपी खालीच ठेवतो, कारण तो पुन्हा फुटू शकतो. कॉइलने बंद झाला की हिशोब उलटतो. बाहेर सांडलेलं रक्त विरघळायला लागतं, त्यातून सुटणारं हिमोग्लोबिन शिरांना बाहेरून डिवचतं आणि त्या आकसतात. साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी सुरू होतं, आठवड्याच्या आसपास सर्वांत जोरात असतं, दोन-तीन आठवड्यांत ओसरतं. तुमच्या आईचा आज सातवा दिवस, म्हणजे ऐन भरातला. आकसलेल्या शिरेपलीकडच्या मेंदूला रक्त पोचवायचं तर मागून दाब हवा. बागेतली नळी पिचली की नळ जास्त सोडतो ना, तसं. बीपी टप्प्याटप्प्याने वाढवतात आणि प्रत्येक टप्प्याला "हात उचला, नाव सांगा" करून बघतात. तुम्हाला वाटेल सिस्टर सारखं तेच का विचारतात. त्या उत्तरावरच पुढचं ठरतं.

पण हात पडला म्हणजे व्हॅसोस्पाझमच, असं नाही. मेंदूत पाणी साठलं किंवा रक्तातलं सोडियम (मीठ) उतरलं तरी पेशंट असंच बरळतो. आज पुन्हा सीटी आणि सोडियम झालं का, विचारा. या आजारात लघवीतून मीठ जातं, म्हणून पाणी तोडायचं नसतं. नातेवाईक मायेने "पाणी कमी देऊ का" विचारतात, तेव्हा माझ्या पोटात गोळा येतो.

निमोडिपीनची गोळी चालू असेलच: ६० मिलिग्रॅम, दर ४ तासांनी, २१ दिवस. १९८९ च्या ब्रिटिश चाचणीत या गोळीने मेंदूचा भाग मरण्याचं प्रमाण कमी झालं. गंमत म्हणजे अँजिओत शिरा फारशा उघडलेल्या दिसत नाहीत, तरी पेशंटला फायदा होतो. या गोळीने बीपी उतरत असेल तर डॉक्टर ३० मिलिग्रॅम दर २ तासांनी करतात. बंद सहसा करत नाहीत.

एक्सरेवाला:
मी कॅथलॅबमध्ये टेक्निशियन आहे. बीपी वाढवूनही हात आला नाही तर पुन्हा अँजिओ करतात. मांडीतून किंवा मनगटातून नळी मानेच्या शिरेपर्यंत नेऊन निमोडिपीन किंवा मिलरिनोन हे शिरा सैल करणारं औषध सावकाश सोडतात. परिणाम काही तासच टिकतो, म्हणून परत न्यावं लागू शकतं. ते अपयश समजू नका. जाड शिरा असेल तर बलूनने रुंद करतात, ते जास्त टिकतं. लेनिनग्राडच्या झुब्कोव्ह यांनी १९८४ साली हे प्रसिद्ध केलं. बारीक फांद्यांत मात्र बलून जात नाही, शीर फाटण्याची भीती असते.

कऱ्हाडकर:
माझ्या वडिलांना २००६ साली हेच झालं होतं. तेव्हा बीपी वाढवलं आणि सलाईनवर सलाईन ओतलं. फुप्फुसात पाणी झालं, व्हेंटिलेटर लागला. ताई, सलाईन किती जातंय त्यावर नजर ठेवा.

रात्रपाळी:
दादा, त्या काळी तसंच शिकवायचे: बीपी वाढवा, सलाईन भरा, त्याने रक्त पातळ करा. त्यातलं आता बीपी तेवढं उरलंय. पाणी कमी पडू द्यायचं नाही आणि जास्तही भरायचं नाही.

गोदाकाठ:
सगळ्यांचे आभार. सीटी झाला, पाणी साठलेलं नाही. सोडियम १२९ आलं, मिठाचं सलाईन लावलंय. बीपी १९० ला गेल्यावर हाताची बोटं हलली. डोक्यावर डॉपलर लावून शिरेतल्या रक्ताचा वेग बघतात, आज तो २१० आलाय म्हणे. हे वाईट का?

रात्रपाळी:
बोटं हलली हे सगळ्यात मोलाचं. शीर अरुंद झाली की रक्त त्यातून जोरात धावतं, म्हणून वेग १२० च्या पुढे गेला की आम्ही सावध होतो, २०० च्या पुढे म्हणजे जोराचं आकसणं. पण एका आकड्यावर जाऊ नका, रोज वाढतोय की उतरतोय ते विचारा. आणि बोटं पुन्हा थांबली तर सकाळच्या राउंडची वाट न बघता लगेच सिस्टरला हाक मारा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.

एक काम काकांना लावा. २१ दिवसांच्या आत घरी सोडलं तर उरलेल्या निमोडिपीन गोळ्या लागतील आणि लहान गावात त्या सगळीकडे मिळत नाहीत. आजच केमिस्टकडे विचारून ठेवायला सांगा.