जांघ उकलणारा डाव नवख्यांवर चालवू द्यावा का?

परळकर

दीड महिन्यापूर्वी क्लासमध्ये माझी उजवी जांघ गेली. फाटली नाही, पण अशी ताणली की दादरचा पूल अजून एकेक पायरी करत चढतो. लोकलमध्ये कोणी सरकून चौथी सीट दिली तरी नको म्हणतो. अर्धं बूड टेकवून एक पाय बाहेर रोवून बसायला दोन शाबूत जांघा लागतात, हे मला एक्केचाळिसाव्या वर्षी कळलं.

ब्राझिलियन जिउ-जित्सू (मॅटवर लोळून पकडी घालायची झुंज) सुरू करून आठ महिने झालेत. पांढरा पट्टा, म्हणजे नवखा. त्या दिवशी मी कासवासारखा गोळा होऊन बसलो होतो. समोरच्या पोराने माझ्या डाव्या पायाला आपले दोन्ही पाय गुंफले, पाठीवरून आडवा येऊन खांद्यावर लोळला आणि त्याच्यासोबत मीही उलटलो. आता माझा एक पाय त्याच्या पायांत, दुसरा त्याच्या दोन्ही हातांच्या कवेत. कवेतला पाय त्याने आपल्या डोक्याकडे ओढला आणि पायात अडकलेला खाली ताणला. बनाना स्प्लिट. केळं सोलतात तसा मी सोलला गेलो.

टॅप केलं, म्हणजे हार मानून थाप मारली, पण उशिरा. माझा मुद्दा नेमका तिथेच आहे. गळा आवळला की जीव घाबरतो, हात आपोआप मॅटवर पडतो. कोपर उलटं व्हायला लागलं की कळतं. जांघेचा ताण मात्र ओळखीचा असतो. वॉर्म-अपमध्ये आपण रोज तोच ताण मुद्दाम घेतो आणि सर म्हणतात, अजून थोडं, श्वास सोडा. मग त्याच ताणाला घाबरायचं असतं हे शरीराला कोण सांगणार? मी 'अजून थोडं' म्हणत राहिलो आणि आत एकदम चटका बसला.

आता नियम बघा. आयबीजेजेएफ या जिउ-जित्सू महासंघाच्या स्पर्धांत पाय फाकवून टॅप घ्यायला 12 वर्षांपर्यंतच्या मुलांना बंदी आहे. मोठ्या पांढऱ्या पट्ट्याला मात्र मुभा. तोच पांढरा पट्टा नीबार (गुडघा उलटा ताणणारा डाव) लावू शकत नाही, तो तपकिरी आणि काळ्या पट्ट्यांसाठीच. हील हूक (टाच पिळून गुडघा मुरगळणारा डाव) तर 2021 पर्यंत कोणालाच नव्हता, त्यानंतरही फक्त गीशिवायच्या, म्हणजे जाड कुडता न घालता होणाऱ्या, स्पर्धांत आणि तपकिरी-काळ्यांना. गुडघ्याची एवढी काळजी, मग जांघ काय वाऱ्यावर सोडलीय?

माझं मत: निळ्या पट्ट्याच्या (पांढऱ्यानंतरचा) खाली बनाना स्प्लिट, इलेक्ट्रिक चेअर, सुलोएव स्ट्रेच, असले पाय ताणणारे डाव, काहीच रोलिंगमध्ये, म्हणजे सरावाच्या झुंजीत, नको. शिकवूही नये.

मुलुंडचा निळा

असहमत, आणि जरा जोरातच.

तुम्हाला लागलं ते डावाने नाही, डाव माहीत नसल्याने. तुमच्याच वर्णनात तीन जागा आहेत जिथे तुम्ही सुटू शकला असता. पहिली, गोळा होऊन बसलेले असताना. कोपर गुडघ्याला चिकटलेलं हवं, फट दिसली की हूक, म्हणजे त्याचा पाय, आत येतो. दुसरी, तो खांद्यावर लोळायला लागतो तेव्हा. बहुतेक नवखे त्याच्याबरोबर छान कोलांटी मारतात, जणू पाहुण्याला दारापर्यंत सोडायला निघालेत. तिथे कंबर जड करून खाली बसायचं. तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची. एक पाय अडकला तरी दुसरा अजून तुमचाच आहे. त्याचा गुडघा अडकलेल्या गुडघ्याला चिकटवून ठेवायचा, हवेत तरंगू द्यायचा नाही. तुमचा मोकळा पाय तरंगला म्हणून त्याला कवेत घेता आला.

आणि त्याने हातांची कडी घातलीच, तर दोन्ही हातांनी ती कडी सोडवायला लागायचं. मांडी आवळून ताकदीने पाय मिटायचा प्रयत्न करू नका. त्याची पाठ, कंबर आणि दोन्ही हात एकीकडे, तुमची एकटी जांघ दुसरीकडे. कोण जिंकणार?

हे सगळं शिकवायचंच नाही म्हणता, मग निळा पट्टा मिळाल्यावर काय आकाशवाणी होणार आहे?

मातीतला माणूस

मी कुस्तीवाला. लाल मातीत पंधरा वर्षं गेली, आता गुडघे बोलतात. मधे पडतोय, माफ करा.

आमच्याकडे डाव आणि त्याची तोड एकाच दिवशी शिकवतात. लोक 'वस्ताद एक डाव राखून ठेवतो' ही म्हण हसत हसत सांगतात, पण तो राखलेला डाव माजलेल्या पठ्ठ्यासाठी असतो. तुम्ही म्हणताय तसा राखला तर पठ्ठ्याचीच जांघ जाणार.

एक फरक मात्र सांगतो. कुस्तीत टॅप नाही. पाठ लागली की संपलं. त्यामुळे पाय फाकवला तर माणूस ज्या बाजूला सुटतो त्या बाजूला वळतो, तो वेदनेचा सौदा करत बसत नाही. तुमच्याकडची काही मंडळी कुस्तीतूनच आलीत. तुमचा जिउ-जित्सूवाला एडी ब्राव्हो शाळेत कुस्ती खेळायचा, त्याचा ट्विस्टर (पाठीचा कणा पिळणारा डाव) हा अमेरिकी शालेय कुस्तीतलाच डाव. तिथे तो माणूस चीत करायला वापरतात, याने तो टॅप घ्यायला वापरला. जागा तीच, हेतू बदलला. हेतू बदलला की पोरांना नव्याने शिकवावं लागतं. एवढंच.

मल्लखांबवाली

परळकर, तुमच्या जांघेबद्दल वाईट वाटलं, पण बंदीला माझा विरोध आहे आणि तो स्वार्थी आहे.

माझं वजन 52 किलो. आमच्या बॅचमध्ये मुली दोन, बाकी सगळे ऐंशीच्या आसपास. त्यांच्या हातांशी हात लावून मी काय करणार? माझ्याकडे पाय आहेत, पाठ आहे आणि त्यांच्या ताठ जांघा आहेत. हाफ गार्डमध्ये (आपण खाली, त्याचा एक पाय आपल्या पायांत) खालून लॉकडाउन घालायचा (टाळेबंदी नव्हे, त्याच्या एका पायाला आपल्या दोन्ही पायांची कात्री), दुसरी मांडी खांद्यावर घ्यायची आणि ताणायचं. याला इलेक्ट्रिक चेअर म्हणतात. टॅप नाही मिळाला तरी समोरचा उलटतो आणि मी वर येते. नवख्यांवर बंदी म्हणजे माझ्यासारखीच्या हातातली एकुलती एक काठी काढून घेणं.

आता उलट बाजू. लहानपणी शिवाजी पार्कला मल्लखांब केलाय, दोन्ही बाजूंनी स्प्लिट बसते. मला वाटायचं मला कोण ताणणार! सुलोएवमध्ये सापडले तेव्हा मांडीच्या मागे काहीच दुखेना, म्हणून मजेत पडून राहिले. गेला तो गुडघा. मांडी लवचिक असेल तर ताण पुढे सरकत गुडघ्याच्या मागे जाऊन बसतो आणि तिथे लवचिकपणा कामाचा नाही. त्यामुळे 'स्ट्रेचिंग वाढवा म्हणजे झालं' असं इथे कोणी लिहिणार असेल, तर थांबा.

आगाऊ कार्टं

सुलोएवचा विषय निघालाच आहे तर 8 सप्टेंबर 2018, डॅलस, यूएफसी 228 (व्यावसायिक मिश्र मार्शल आर्ट्सच्या झुंजी). एकाच रात्री दोन! आल्जमेन स्टर्लिंगने कोडी स्टॅमनला, झबित मागोमेदशारिपोवने ब्रँडन डेव्हिसला. त्याआधी यूएफसीत 2013 मध्ये केनी रॉबर्टसनने लावला होता. नाव आलं अमर सुलोएव या फायटरवरून.

व्यावसायिक फायटर टॅप करतात, परळकर काका. तुम्ही 'अजून थोडं' करत बसलात.

मुलुंडचा निळा

@आगाऊ, काका वगैरे सोड. पण त्या दोन्ही झुंजी सावकाश बघण्यासारख्या आहेत. पाठीवर बसलेला माणूस खाली हात घालून टाच पकडतो आणि पाय त्याच्याच डोक्याच्या दिशेने वर ओढतो. वरचं धड आपल्या वजनाखाली दबलेलं. खालचा उठायच्या नादात पाय सरळ करतो आणि तिथेच फसतो.

म्हणून याची तोड सोपी आहे: गुडघा वाकवा, टाच बुडाला लावा. बनाना स्प्लिटलाही तेच.

हाडवैद्य नव्हे

शेवटचं वाक्य चूक आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, मॅटवर कधी गेले नाही, पण मॅटवरून आलेले रोज बघते.

मांडीच्या मागचे हॅमस्ट्रिंग स्नायू बसायच्या हाडापासून निघतात आणि गुडघ्याच्या खाली जाऊन चिकटतात. म्हणजे ते खुबा आणि गुडघा दोन्ही ओलांडतात. खुबा वाकलेला आणि गुडघा सरळ, अशा अवस्थेत ते दोन्ही टोकांनी ताणले जातात. गुडघा वाकवला की एक टोक सैल पडतं. त्यामुळे सुलोएवला तुमचा उपाय बरोबर.

जांघेच्या आतले स्नायू, म्हणजे पाय जवळ आणणारे, हे जांघेच्या पुढच्या हाडापासून निघून मांडीच्या हाडालाच लागतात. गुडघ्याच्या पलीकडे जातो तो त्यांतला एकच. बाकीच्यांना गुडघा वाकवला काय आणि सरळ ठेवला काय, सारखंच. बनाना स्प्लिटमध्ये गुडघा वाकवून फार तर ओढणाऱ्याच्या हातातली तरफ तोकडी होते. स्नायू सैल होत नाही.

तिथे कंबर वळवायला हवी. बाजूला फाकलेले पाय कंबर वळवली की पुढे-मागे होतात. पुढे-मागे पाय टाकायची शरीराला सवय असते, चालताना आपण तेच करतो. मातीतल्या दादांनी 'सुटतो त्या बाजूला वळायचं' म्हटलं ते शास्त्रशुद्ध आहे, त्यांनी फक्त स्नायूंची नावं घेतली नाहीत.

परळकर, एक विचारते. घरी कोणी तेल लावून चोळून दिलं का?

परळकर

आईने. पहिल्याच रात्री. गरम तेल, वर शेक. आणि तिसऱ्या दिवशी मी मोकळं होईल म्हणून भिंतीला पाय लावून ताणलं.

हाडवैद्य नव्हे

वाटलंच. ताज्या दुखापतीला चोळायचं नाही, शेकायचं नाही, ताणायचं तर अजिबातच नाही. आईंना काही बोलू नका. पण दीड महिन्यांनंतरही पायऱ्या अशा चढताय तर आता धाग्यावर नाही, डॉक्टरांकडे जा.

परळकर

जातो. कंबरेचं पटलं, आणि मोकळा गुडघा चिकटवायचं तर डोक्यात बसलं. तेवढ्यापुरतं 'शिकवू नये' मागे घेतो.

रोलिंगमधल्या बंदीचं मात्र सोडत नाही. मुलुंडचे निळे, तुमच्या तीन जागा आहेत, मान्य. पण आमची बॅच बघा. भाड्याचा हॉल, चौदा माणसं, मॅट एवढी की दोन जोड्या एकमेकांवर आपटतात. सर एकटे. मी साडेसातला पोचतो तो विरार लोकलमध्ये एका पायावर तासभर लोंबकळून, त्याआधी आठ तास बँकेच्या काउंटरवर बसून. जांघा लाकडासारख्या. उशीर झालेला म्हणून वॉर्म-अप बुडतो आणि सरळ रोलिंग. अशा माणसाच्या पायाला बावीस वर्षांचं पोर लटकतं. त्याला काय कळणार माझ्या पायात किती जागा आहे?

मुलुंडचा निळा

म्हणजे तुमची तक्रार वॉर्म-अप बुडवून थेट रोल करण्याबद्दल आहे. ती पट्ट्याच्या रंगावर का ढकलता? थंड जांघेने आलेला काळा पट्टाही फाटेल.

परळकर

काळ्या पट्ट्याला कळतं, तो आधीच टॅप करतो.

आगाऊ कार्टं

नेहमीच नाही. 29 मार्च 2014, मेटामोरिस 3, लॉस एंजेलिस, टॅप घेऊनच जिंकायची स्पर्धा. ब्राव्हो विरुद्ध रॉयलर ग्रेसी. काळ्या पट्ट्याचा रॉयलर 48 वर्षांचा, तुमच्याहून सात वर्षांनी मोठा. ब्राव्होचा लॉकडाउन, इलेक्ट्रिक चेअर, सगळं सोसलं, टॅप नाही. 20 मिनिटं संपली, बरोबरी.

हाडवैद्य नव्हे

आणि म्हणून परळच्या बँकवाल्यांनीही सोसावं? त्याचं आयुष्य मॅटवर गेलंय. हे उदाहरण कृपया माझ्या पेशंटांना देऊ नका.

मल्लखांबवाली

परळकरांचं शेवटचं मला अर्धं पटतंय. समोरच्याच्या पायात किती जागा आहे हे पकडणाऱ्याला खरंच कळत नाही. हाताचं कोपर सगळ्यांचं साधारण एकाच जागी अडतं. जांघेचं तसं नाही. माझी कुठे अडते आणि तुमची कुठे, यात हातभर फरक.

मी आता असं करते: कडी घातली की ओढत नाही. पकड पक्की झाल्यावर थांबते आणि 'आहे का?' विचारते. सुटला तर सुटला. नाही सुटला तर सोडते आणि पुन्हा सुरुवात. टॅप मिळत नाही, पण पकड बसली हे दोघांनाही माहीत असतं. एक मुलगा म्हणाला, तू खरं लावलंच नाहीस. त्याला पुढच्या वेळी दोन बोटं जास्त ओढलं.

मातीतला माणूस

हे बरं आहे. आमच्या तालमीत याला जोर करणं म्हणतात, कुस्ती मैदानात. रोज मैदान नसतं.

मुलुंडचा निळा

विचारून सोडणं चालेल. बंदी नाही. आमच्याकडे कोणी बंदी आणली तर मी त्याच दिवशी लॉकडाउन घालणार.

परळकर

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी हो म्हटलं तर नुसता बघायला जाईन, मॅटच्या कडेला बसून. त्या पोराशीही बोलायचंय. फोन केला होता त्याने, तीन वेळा. मीच उचलला नाही.

आगाऊ कार्टं

उचला. आणि कडेला मांडी घालून बसता आलं की इथे कळवा.