पहिला ईसीजी नॉर्मल आला, मग? तुमचे अनुभव लिहा

बाबांच्या छातीत दुखायला लागलं. तासाभरात ईसीजी काढला, तो नॉर्मल. आम्ही घरी निघालोच होतो, पण ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी अडवलं. "इतक्या लवकर रक्तात काही दिसेलच असं नाही. थांबा, तीन तासांनी परत ट्रोपोनिन बघू." (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हे प्रथिन रक्तात वाढतं.) मध्ये पुन्हा ईसीजी झाला, तोही तसाच. दुसरं ट्रोपोनिन मात्र पहिल्याच्या कितीतरी पट निघालं. अटॅकच होता. त्या डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरणार नाही. तुमच्याकडे निदान कसं झालं, उशीर कुठे झाला, जरूर लिहा.

*

माझं नेमकं उलट. ईसीजीच्या पट्टीवर लीड दोन, तीन आणि एव्हीएफमध्ये, म्हणजे हृदयाची खालची बाजू दाखवणाऱ्या नोंदींत, एसटी हा रेषेचा भाग सरळ वर उचललेला. रक्त घेतलं, पण रिपोर्टसाठी कुणी थांबलं नाही, थेट कॅथ लॅब, म्हणजे बंद नस उघडतात ती खोली. रिपोर्ट तरी येऊ द्या, असं बायको विनवत होती. नस पूर्ण बंद असताना ती वाट पाहायची नसते, तेवढ्यात हृदयाचा स्नायू मरत जातो, हे आम्हाला नंतर समजलं. त्या गडबडीतही त्यांनी छातीच्या उजव्या बाजूला ईसीजीची एक लीड, म्हणजे वायर, लावून पाहिली. उजव्या कप्प्यालाही मार बसला असेल तर जिभेखालच्या नायट्रेटच्या गोळीने बीपी एकदम कोसळू शकतं, म्हणून.

*

आईला मधुमेह. छातीत दुखलंच नाही तिच्या. घाम, मळमळ, चार पावलं चाललं की दम. आम्ही दोन दिवस ॲसिडिटीचं औषध देत बसलो. तिसऱ्या दिवशी नेलं तेव्हा सीकेएमबी (हृदयाला इजा झाली की रक्तात वाढणारं आणखी एक द्रव्य) जवळपास उतरलेलं, ट्रोपोनिन अजून चढलेलं. सीकेएमबी दोन-तीन दिवसांत खाली येतं, ट्रोपोनिन आठवडाभर किंवा जास्तही रेंगाळतं. त्यावरूनच डॉक्टरांनी सांगितलं, अटॅक आज आलेला नाही. ते दोन दिवस मला अजून झोपू देत नाहीत.

*

मी 14 वर्षं ईसीजी काढतोय. हातांच्या वायरी अदलाबदल झाल्या की लीड एक उलटी दिसते, छातीवरची लीड एक फासळी वर गेली तरी पट्टी फसवते. घामाने लीड सुटते, म्हणून आधी त्वचा पुसतो. घाईतल्या नातेवाइकांना तो वेळकाढूपणा वाटतो, पण तो टाळता येत नाही. व्ही वन ते व्ही थ्री या छातीवरच्या लीडमध्ये एसटी खाली दिसली तर आमचे डॉक्टर पाठीवरही लीड लावायला सांगतात. हृदयाच्या मागच्या भिंतीचा अटॅक नेहमीच्या बारा लीडमध्ये सरळ दिसत नाही. आणि जुना ईसीजी असेल तर कृपया सोबत आणा. काहींच्या पट्टीत आधीपासूनच बंडल ब्लॉक, म्हणजे हृदयातल्या विद्युत वाटेतला अडथळा, असतो. बदल नवा की जुना, हे जुन्या पट्टीशिवाय कसं ठरवणार?

*

माझ्या किडन्या कमकुवत आहेत, त्यामुळे ट्रोपोनिन कायम थोडं वरच. पहिल्यांदा आकडा पाहून हातपाय गार पडले होते. काही तासांनी परत तपासलं, आकडा तिथेच. चढ-उतार नाही, ईसीजीतही बदल नाही, म्हणून घरी सोडलं.

*

मधुमेही आईबद्दल लिहिणाऱ्या ताई, बाबांचं दुखलं नसतं तर आम्हीही ॲसिडिटीच धरून चाललो असतो. आता त्या कशा आहेत? आणि ईसीजीवाल्या दादांचं वाचून बाबांच्या डिस्चार्जच्या दिवशीच्या पट्टीचा फोटो आत्ताच आम्हा तिघा भावंडांच्या फोनमध्ये टाकला.